मेजरांची गप्प खोली

मेजर कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक बोट वर करायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. "आदी गप बसू, मग बोलू." समोर कलेक्टर असला तरी हेच. तुमच्याही गल्लीत असा एखादा विक्षिप्त माणूस असेल. आमच्या सांगलीच्या पेठेत हे होते.

फौजेत ते वायरलेसवर होते. नव्वद सालानंतर निवृत्त होऊन आले आणि माझ्या शिवणकामाच्या दुकानाशेजारचं हळदीचं जुनं गोदाम घेऊन त्यात रेकॉर्डिंग स्टुडिओ बांधायला लागले. लोक म्हणाले, मेजरांचं डोकं फिरलं. मीही म्हणाले, खोटं कशाला बोलू?

दाराच्या दोन फळ्यांमध्ये त्यांनी स्वतःच्या हातांनी वाळू भरली. खिडकीला एक काच, मग चार बोटं मोकळी जागा, मग पुन्हा काच. गावोगाव फिरून जुन्या गोधड्या आणल्या आणि मला म्हणाले, "ताई, ह्या जोडून द्या. भिंतीला पांघरून घालायचं हाय." चार महिने मी शिवत होते. भिंतींच्या फटींत मुरलेली हळद मात्र काही केल्या निघाली नाही. गाणारे पिवळ्या पाठीने घरी जायचे.

स्टुडिओ तयार झाल्यावर पहिल्यांदा आत गेले तेव्हा मी घाबरलेच. बाहेर हमाल, टेम्पो, आरडाओरडा. आत काहीच नाही. माझाच श्वास मला ऐकू आला. एका माणसाने दोन हातांनी एवढी शांतता बांधली, याचं मला अजून नवल वाटतं. तिथे उगीचच हात जोडावेसे वाटले. माईकसमोर कुणाची बांगडी वाजली तरी मेजर टेप थांबवायचे.

मग माझ्या वडिलांचं, आबांचं दुखणं निघालं. ते कुंडलचे भजनीबुवा. मिरजेला घशाचं ऑपरेशन ठरलं. नंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. हातात दोन दिवस होते. मी रडत मेजरांकडे गेले. ते एवढंच म्हणाले, "उद्या घेऊन या."

आबा माईकसमोर बसले. एक ओळ म्हटली आणि थांबले. पुन्हा म्हटली, पुन्हा थांबले.

"मेजर, हितं आवाज जातो त्यो परत येतच न्हाई," आबा म्हणाले. "मागं धरायला बी कोन न्हाई. म्हनू कुनासाठी?"

खरंच होतं. बुवांनी ओळ म्हणायची आणि मागच्यांनी ती उचलायची, यात त्यांचा जन्म गेलेला. स्वच्छ आवाज हवा म्हणून आम्ही त्यांच्या टाळकऱ्यांना बोलावलंच नव्हतं.

मेजरांनी डोळे मिटले. मग उठले आणि समोरच्या भिंतीवरची गोधडी खिळ्यांसकट ओढून काढली. मग दुसरी, मग तिसरी. माझी चार महिन्यांची शिवण टराटरा उसवत होती आणि त्यांच्या बोटांतून रक्त येत होतं. भिंत उघडी पडली तशी टेप सुरू करून ते आबांसमोर मांडी घालून बसले.

"म्हना आबा. मी धरतो मागं."

आबा त्या दिवशी जसे गायले, तसं गाताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आणि बांगडीचा आवाजही न खपणारे मेजर त्यांच्या मागे बेसूर, मोकळ्या गळ्याने ओळ धरत होते. मी तोंडात पदर कोंबून बसले होते.

ऑपरेशन झालं. आबा वाचले, आवाज गेला.

तीन वर्षांनी मेजरच अचानक गेले. त्यांच्या तेराव्याला आबांनी खुणेने ती कॅसेट लावायला सांगितली. त्यांचा स्वतःचा आवाज सुरू झाला, तेव्हा ते मान खाली घालून स्वस्थ बसले होते. मग मागून मेजरांची ओळ आली आणि आबांचे ओठ हलू लागले. भजन संपेपर्यंत आबा तेवढीच ओळ धरत होते.