माझ्या व्याह्याने लावलेलं लग्न

पुस्तक शेवटच्या पानापासून सुरू करणारा आणि त्यावरून भांडण मात्र पहिल्या पानापासून करणारा माणूस अख्ख्या गोव्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा व्याही आहे. मुलीसाठी स्थळ बघायला आम्ही पेडण्याहून सुर्ल्याला गेलो तेव्हा मुलगा बघितला, घर बघितलं, विहिरीचं पाणीसुद्धा पिऊन बघितलं. पण मुलाचा बाप कादंबऱ्या वाचतो हे कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी दोनदा विचार केला असता. माझ्या बायकोने एकदासुद्धा केला नसता. तिलाही तेच वेड होतं.

हा माणूस जन्मभर खाणीवरचा ट्रक चालवत होता. माल भरायचा, नदीवरच्या जेटीवर नेऊन ओतायचा, परत यायचं. ट्रक सुटला, पण इंजिनाच्या वर आवाज काढून बोलायची सवय सुटली नाही. आमच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून तो 'तिने हळूच त्याच्याकडे पाहिले' हे वाक्य वाचतो तेव्हा समोरच्या माडावरचे कावळे उडतात. शेवट आधी वाचायची खोडही ट्रकवरचीच. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "व्याहीबुवा, नव्या रस्त्यार पयली खेप रिकामी मारूची. आधी जेटी बघूची, मगे माल भरूचो. खंय जावचा ता म्हायत नसताना भरलेलो ट्रक काढता तो ड्रायव्हर नव्हे, तो खुळो!" पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीने खुणा करतो त्याही तशाच. 'पुढे वळण आहे.' 'चढ, सावकाश.' एका कादंबरीत नायिकेची मावशी मध्येच उगवते आणि चार पानं बोलत सुटते, तिथे याने लिहिलंय, 'रस्त्यात गुरे.'

बरं, वाचून गप्प बसेल तर तो व्याही कसला! पुस्तक संपलं की त्याला दुसऱ्याचं मत लागतं, आणि ते आपल्या मताच्या उलट असेल तर फारच उत्तम. सकाळी पोदेर सायकलवरून भोंपू वाजवत पाव घेऊन आला की हा फाटकात उभा. "काय रे, तिनं त्याका माफ केल्यान ता बरा केल्यान काय वाईट?" पोदेर बिचारा म्हणतो, "बाब, म्हाका पाव विकूंक सोड." एकदा डिचोलीमार्गे आमच्याकडे येताना म्हापशाला बस बदलली आणि शेजारी बसलेल्या एका बाईशी कादंबरीतल्या सासूवरून वाद घातला. त्या बाईने ते पुस्तक वाचलेलंच नव्हतं! तरी ती सासूच्या बाजूने भांडली. दोघं इतकी रंगली की पेडणं कधी मागे पडलं कळलं नाही, आणि आमचा व्याही पार सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर उतरून तिथून उलट्या बसने आला. घामाने निथळत होता, पण तोंड फुललेलं. "फस्क्लास बाई! एक पाऊल मागे घेतल्यान नाय!"

मात्र एका गोष्टीत तो सोनाराच्या तराजूसारखा होता. पुस्तकात आहे ते आहे, नाही ते नाही. त्याच्या सख्ख्या भावाने एका कादंबरीतल्या नायिकेची निळी साडी हिरवी म्हणून सांगितली, तर चवथीच्या जेवणाच्या पंगतीत याने त्याला पुस्तक उघडून दाखवलं आणि मगच भातावर वरण घेऊ दिलं.

आता त्या कादंबरीकडे येतो, जिच्यापायी हे सगळं लिहितोय. गोष्ट आमच्या पेडण्यासारख्याच एका बाजारगावातली. एक शिवणकाम करणारी मुलगी, वय तिशीच्या पुढे, घरात अंथरुणाला खिळलेला बाप. आणि एक वीज खात्याचा लाइनमन. गावात लाइट गेली की तो येतो, आणि लाइट गेली की प्रेम एक पाऊल पुढे सरकतं. गावातल्या वाचनालयात या पुस्तकासाठी ओळ लागली. कारण गोष्ट आपलीच वाटत होती, आणि आपली गोष्ट दुसऱ्याने लिहिली की चुका काढायला केवढा जोर येतो! आमच्या वाड्यावरचा खरा लाइनमन पेटून उठला. "तक्रार केल्यार धा मिन्टांनी येता? सायकलीर? खंयचो लाइनमन तो, माका एकदा दाखवा!" बाजारातल्या शिंपीणबाईचं म्हणणं, गोष्टीतल्या दोन वर्षांत त्या मुलीची एक सुई मोडत नाही म्हणजे लिहिणाऱ्याने मशीन लांबूनच बघितलं असणार. वाचनालयाच्या बाई म्हणायच्या, भाषा गोड आहे. व्याही म्हणायचा, भाषा जाऊ दे, शेवट बघा शेवट!

पण शेवट बोलायला त्याला आमच्या घरात बंदी होती. वाचनालयातून ते पुस्तक पहिलं आणलं माझ्या बायकोने. मी तिसरीत शाळा सोडलेला; दुपारी मी बाल्कांवात बसून नारळ सोलायचो आणि ती मोठ्याने वाचायची. तो लाइनमन मला पहिल्यापासून पटला नाही. खांबावर चढलेला माणूस खाली बायका बघतो म्हणजे काय? ती म्हणायची, "तुमी नारळाकडे बघा." मग गोष्टीत त्याला बढती मिळून दूरच्या गावी बदलीचा कागद येतो, आणि बापाला टाकून ती जाऊ शकत नाही. आता तो परत येणार की नाही? व्याह्याने स्वतःची प्रत विकत घेऊन, शेवट आधी वाचून, तयारीनिशी आमच्याकडे मुक्काम टाकलेला. माझ्या बायकोने हातातला डाव वर करून त्याला सांगितलं, "व्याहीबुवा, पुढचा एक अक्षर बोललात तर आज माशाचा हुमण वाढूचंय नाय."

"तुमी बोला, विहीणबाय, तुमी बोला. मी फक्त हसतंय."

"हसा. मी सांगतंय, तो येतलो. लगीन करतलो. ज्याका लोकांच्या घरातलो काळोख बघवना नाय, तो तिका काळोखात ठेवचो नाय."

व्याह्याने ओठ घट्ट मिटले आणि खुर्चीत नुसता हलला. त्याला पोटात मावत नव्हतं. शेवटी उठून विहिरीकडे गेला आणि काही कारण नसताना दोन कळशा पाणी काढून आला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी माझी बायको गेली. आजार आठ दिवसांचा. पुस्तकाची चाळीस पानं राहिली होती. बातमी कळताच व्याही आला तो दिवसकार्य होईपर्यंत तेरा दिवस राहिला, आणि तेरा दिवसांत त्याने आवाज चढवला नाही. माणसं येत होती, तो चहा देत होता. मी रडलो नाही. मला एकच गोष्ट खुपत होती, आणि ती सांगायलाही लाज वाटावी अशी होती. तो लाइनमन परत आला का? तिचं बरोबर निघालं का? एवढं कळलं पाहिजे असं मला जेवताना, आंघोळ करताना सारखं वाटायचं. पण तिच्याआधी आपण शेवट ऐकायचा, हेही जमेना. व्याह्याला विचारलं असतं तर त्याने एका दमात सांगितलं असतं. मी विचारलं नाही. पुस्तक मुलीच्या हाती वाचनालयात परत पाठवलं.

मग काही महिन्यांनी, सगळ्यांचं वाचून झाल्यावर, वाचनालयात त्या पुस्तकावर वाचकांची सभा भरली. आमच्या वाचनालयाची एक रीत आहे: ज्याने पुस्तक पहिलं नेलं, त्याने पहिलं बोलायचं. हा मान कोणी सोडत नाही. वाचनालयाच्या बाईंनी वहीत बघितलं. मग म्हणाल्या, "पहिलं नाव काकींचं आहे. काका, त्यांचं मत तुम्ही सांगाल?" मी व्याह्याला ओढत नेलं होतं की त्याने मला, आठवत नाही, पण तो माझ्या शेजारी बसला होता. मी उठलो. मला भाषण येत नाही. मी सांगितलं, "तिचा म्हणणा असा होता की तो परत येतलो आणि लगीन करतलो. लोकांचो काळोख ज्याका बघवना नाय तो तिका काळोखात ठेवचो नाय, असा म्हणालेली. पुढचा तिनं वाचूक नाय. मीपण नाय. तुमी सगळ्यांनी वाचलास. तिचा बरोबर काय चूक, तेवढा सांगा."

चाळीसेक माणसं असतील. कोणी पंख्याकडे बघतंय, कोणी चपलांकडे. शिंपीणबाई पदराचं टोक पिळत होती. आणि माझ्या शेजारची खुर्ची करकरली.

"जिंकली!" व्याही ओरडला. ट्रकच्या इंजिनावरचा आवाज! खिडकीची काच हलली. "आयका सगळ्यांनी! विहीणबाय जिंकली! लाइनमन इलो! बढतीचो कागद फाडून इलो! भर बाजारात तिच्या दुकानाच्या पायरीर उभो रवलो आणि म्हणालो, माझी बदली आता हयच, जन्मभर! आणि लगीन झाला! देवळात झाला! बापाक खुर्चीर बसवून चार माणसांनी उचलून नेल्यानी!"

तो कानापर्यंत लाल झाला होता. पहिली टाळी वाजवली ती आमच्या लाइनमनने. मग शिंपीणबाईने. मग सगळ्यांनीच. मी तर वेडा झालो! कधी नाही ते मी व्याह्याच्या पाठीत जोरात थाप मारली. घरी आलो, पायसुद्धा न धुता आत गेलो आणि ती झोपायची त्या बाजूला बघून म्हणालो, "जिंकलंस गो!" तिच्यामागे त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

काजूचा हंगाम आटोपला, हात रिकामे झाले, तेव्हा मनात आलं की ते लग्न एकदा छापलेलं बघावं. वाचनालयात गेलो. बाईंनी पुस्तक देताना उगाच विचारलं, "काका, दुसरं काही देऊ का? चांगली प्रवासवर्णनं आली आहेत." मी म्हटलं, नको, हेच. तिचं राहिलं होतं तिथून, बोट ठेवून ठेवून, दिवसाला एखादं पान, असं वाचत गेलो. आणि शेवटच्या पानावर आलो.

तो येतो. खोटं कशाला बोलू, येतो. एका दुपारी. शिवायला टाकलेला सदरा घेतो, दुकानाच्या पायरीवर उभं राहून पाणी पितो, बस पकडतो आणि जातो. ती मशीनवर बसते. संपलं. मी पान उलटून बघितलं. कोणी पानं फाडली आहेत का बघितलं. नव्हती फाडली.

आधी मला राग आला तो लिहिणाऱ्याचा. मग व्याह्याचा. मग सगळ्या गावाचा, कारण त्या दालनातल्या झाडून सगळ्यांनी हे पान वाचलेलं होतं! एका सुईवरून, एका सायकलीवरून महिनोन्महिने भांडणारी ही माणसं. यांचं आयुष्यात कधी एका गोष्टीवर एकमत झालं नाही. आणि त्या दिवशी कोणी कोणाकडे न बघता, न ठरवता, सगळी एकदम खोटं बोलली. आणि पुढाकार कोणाचा? हिरवी साडी चालवून न घेणाऱ्याचा!

शनिवारी तो आला तेव्हा मी ठरवून बसलो होतो की फैलावर घ्यायचं. बाईंनी त्याला कळवलं असावं. फाटकातच थांबला, पिशवी हातातच. आवाज एवढासा. "व्याहीबुवा... ता पुस्तक वाचलास मां?"

एवढा आडदांड माणूस, पण मास्तरासमोर उभ्या केलेल्या पोरासारखा दिसत होता. मी म्हटलं, "नाय रे बाबा. अक्षर बारीक, डोळे पोचनत नाय. दिलंय परत. बसा. तुमीच सांगा, लग्नात जेवणाक काय होता?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग पिशवी ठेवली, खुर्ची ओढली, आणि आवाज परत आला. "खतखतां! आणि काय खतखतां, व्याहीबुवा! सात भाजये! वास बाजारभर!"

तेव्हापासून दर शनिवारी लग्न चाललंय. वाजंत्री आली. गोष्टीतल्या मुलीने स्वतःच्या लग्नाची चोळी स्वतः शिवली, ती कशी, ते सांगण्यात एक शनिवार गेला. लाइनमनचे सोबती खांबावर चढून माळा लावून आले. त्याला काय माहीत आहे आणि मला काय माहीत आहे, हे आम्ही बोलत नाही. गेले चार शनिवार वरात देवळाच्या पायरीवरच उभी आहे. तो तिला घराकडे न्यायला बघतो, आणि मी मध्येच विचारतो, नवरीच्या केसांत फुलं कोणती होती, बापाची खुर्ची कोणी धरली होती, तो हसला का. मग त्याला थांबून सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.