काळ्या शेवयांचा दिवस

"पोट काय, कशानंही भरतं, हॉटेल मात्र मनाला विचारून निवडावं," मो सुनदोक मला एकदा म्हणाली होती.

तेव्हा ती शिडीवर उभी होती. छताला लावलेला ओला कागद खाली उतरू नये म्हणून रुंद ब्रशनं तो दाबून धरत होती. आम्ही दोघी सोलमध्ये घरांच्या भिंतींना कागद लावायचो. मी तिला ताई म्हणायचे, ती मला धाकटे. दिवसभर परक्यांच्या रिकाम्या खोल्या. तिचं स्वतःचं घर चढावरच्या वस्तीत, दोन खोल्यांचं. आणि त्या घराबाहेर हे शहर. त्यात ती मनाप्रमाणे जेवायची.

रागावली की लाल तिखटातला ऑक्टोपस. "तिथं डोळे पुसले तरी लोक म्हणतात, तिखट लागलं." आनंद झाला की बर्फ घातलेल्या थंड शेवया, भर थंडीतसुद्धा. कशानं उदास वाटतंय हेच कळत नसलं की स्टेशनमागची, मोड आलेल्या सोयाबीनच्या सूपची खानावळ. तिथली बाकं भिंतीकडे तोंड करून मांडलेली आहेत. नवरा गेला त्या आठवड्यात ती रोज तिथंच बसत असे. भिंत तिच्याकडे बघायची, ती भिंतीकडे.

चौकातल्या म्हाताऱ्या चिनी मालकाच्या हॉटेलात ती कधी जात नसे. तिथं जाजांग मिळतं, म्हणजे काळ्या दाट रश्शातल्या शेवया. एरवी कुणीही केव्हाही खातं, पण घर बदललं की त्या दिवशी जाजांग खाल्ल्याशिवाय आमच्याकडे घर बदलल्यासारखं वाटत नाही. सुनदोकसाठी ते तेवढ्यापुरतंच होतं. "मला घर आहे," ती म्हणायची. "मी कशाला खाऊ?"

मग वस्ती पाडायची ठरली. तिथं उंच इमारती येणार होत्या. शेजारी एकेक करून गेले, रिकाम्या दारांवर लाल रंगात फुल्या पडल्या. तिचा मुलगा तेसॉक दूर देजॉन शहरात राहतो. त्यानं तिच्यासाठी एक खोली रिकामी करून ठेवली होती आणि रोज फोन करून तो विचारायचा, येतेस ना? ती हो म्हणेना, नाही म्हणेना.

शेवटी म्हणाली, "रविवारी ये. जेवताना सांगते. हॉटेल मी ठरवणार." मलाही बोलावलं.

रविवारी दुपारी ती आम्हाला घेऊन पुढं निघाली. ऑक्टोपसची गल्ली मागे पडली, थंड शेवयांचं दुकान मागे पडलं. चौकातल्या चिनी हॉटेलाचं दार तिनं ढकललं तेव्हा तेसॉक रस्त्यातच थांबला.

"आई! तू आणि इथं?" मग माझ्याकडे वळून तो मोठ्यानं हसला. "मावशी, बघितलंत? मी बायकोशी पैज लावली होती, ऑक्टोपस खायला नेणार म्हणून. म्हणजे भांडण."

"हरलास की," मी म्हटलं.

"हरलो, पण जिंकलो!" त्यानं तिथंच फोन लावला. "अगं, जाजांग! हो, स्वतःहून! ट्रकवाल्याला उद्याचं सांगून टाक."

सुनदोकनं तीन वाट्या मागवल्या. काड्यांनी ती शेवया कालवू लागली तेव्हा तिच्या नखांत मला कागद चिकटवायची वाळलेली खळ दिसली. त्या आठवड्यात आम्हाला काम नव्हतं.

"तुझ्या खोलीला तुझ्या आवडीचा कागद लावू," तेसॉक म्हणाला. "तू निवड."

"लावला."

"कुठं?"

तिनं काडीनं खिडकीबाहेर दाखवलं. समोरच्या टेकडीच्या उतारावर एका जुन्या इमारतीच्या गच्चीत निळ्या टाकीशेजारी एक खोली होती. "सामान सकाळी नेलं. म्हणून तर जाजांग."

तेसॉकनं फोन उलटा ठेवला. "एकटी? त्या जिन्यानं? गुडघे बघ स्वतःचे."

"गुडघ्यांना विचारलंय."

"देजॉनला काय कमी आहे?"

"राग आला की कुठं जेवायचं, ते मला तिथं ठाऊक नाही."

"मी नेईन की!"

"तुझ्यावरच राग आला, तर तूच गाडी काढणार?"

काउंटरमागे म्हातारा मालक हसला आणि खोकल्याचं सोंग करू लागला. तेसॉकला हसू आलं नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"लोक मला काय म्हणतील, आई? मुलगा असून आईला गच्चीत ठेवलं? ते काही नाही. ट्रक ठरलाय. किल्ली दे, आजच सामान उतरवतो."

त्यानं हात पुढं केला. सुनदोक त्या हाताकडे बघत सावकाश जेवत राहिली. मी तिला शिडीवर तासन्‌तास छत दाबून धरताना पाहिलेलं आहे. मान वर, हात वर, चेहऱ्यावर काही नाही. तशीच ती जेवली. मुळ्याच्या लोणच्याची शेवटची फोड खाल्ली. वाटी रिकामी झाली.

तेसॉकचा हात तसाच होता. त्याच्या वाटीतल्या शेवया गार होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. तिनं ती वाटी ओढली, दोन काड्यांनी तळापासून नीट कालवून शेवया सुट्या केल्या आणि वाटी त्याच्यापुढं सरकवली. मग तोंड पुसलं, उठली, आणि दार ढकलून टेकडीच्या बाजूला चालू लागली.