विमलाबाईंचं आमेन

आमच्या चर्चमधल्या विमलाबाईंनी पस्तीस वर्षं नर्सची नोकरी केली, पण कुठल्या डॉक्टरला कधी दबून राहिल्या नाहीत. पास्टर आले की मात्र हातातला घास ताटात ठेवून उभ्या राहायच्या. मी त्यांना यावरून फार चिडवायचे. आता चिडवत नाही.

रिटायर झाल्यावर चौबे कॉलोनीतल्या त्यांच्या घरी दर बुधवारी बायकांची प्रार्थना भरू लागली. प्रार्थना अर्धा तास आणि चहा-पोहे दीड तास! खरं बोलणं व्हायचं ते चहाच्या वेळी. कुणाचा नवरा पितो, कुणाचा हात उचलतो. विमलाबाई ऐकायच्या, मलम लावायच्या, वेळ पडली तर बाईला ठेवून घ्यायच्या.

गेल्या जानेवारीत दीपमाला आली, तीही बुधवार सोडून, गुरुवारी भर दुपारी, भनपुरीहून ऑटोनं. तिचा नवरा पराग आमच्या चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो. त्याच्या बोटांचं सगळ्यांना भारी कौतुक. त्या बोटांनी काय केलं होतं, ते विमलाबाईंनी तिची बाही वर सारून पाहिलं.

"मावशी, मले परत नका पाठवू. या वेळी मारूनच टाकन तो."

"नाही पाठवत. हे घर तुयंच समज."

मी म्हटलं, सरळ महिला ठाण्यात जाऊ. विमलाबाई म्हणाल्या, "आधी पास्टरच्या कानावर घालतो. त्यायले न विचारता मी काहीच केलं नाही आजवर." मला तेव्हाच हात धरून त्यांना अडवता आलं असतं. मी अडवलं नाही.

रविवारी दुपारी पास्टर आले, सोबत पराग. परागनं गुडघे टेकले, ढसाढसा रडला. इतका, की माझंही मन पाघळलं. पास्टरनी दोघांचे हात एकमेकांत दिले आणि प्रार्थना केली, "प्रभू, तू जोडलेलं हे घर पुन्हा उभं कर." प्रार्थना संपली की आम्ही सगळे आमेन म्हणतो. त्याला विचार लागत नाही, जीभच म्हणते. मी म्हटलं. विमलाबाईंनीही म्हटलं.

दीपमालानं डोळे उघडले आणि फक्त विमलाबाईंकडे पाहिलं. मग आत जाऊन पिशवी भरली. एवढ्या खमक्या विमलाबाई, पण दारात नुसत्या उभ्या राहिल्या. तोंडून 'थांब' निघेना. मला त्यांचा संताप येतो, आणि त्याहून जास्त माझा.

दोन आठवड्यांनी आम्ही दोघी भनपुरीला तिच्या घरी गेलो. परागनं हसत खुर्च्या दिल्या. "आंटी, आपकी दुआ से घर बस गया." दीपमाला चहा घेऊन आली. चेहऱ्यावर काही नव्हतं. चेहऱ्यावर तो कधीच मारत नाही. फोन आला म्हणून पराग बाहेर गेला, तसा विमलाबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"चाल माह्यासंगं, आत्ताच. मी चुकली, बाई."

दीपमालानं हळूच हात सोडवून घेतला.

"चहा घ्या अन् जा, मावशी. पुन्हा नका येऊ. तुम्ही काय विचारलं, मी काय सांगितलं, हे आता तो रातभर विचारन."