खेड्याची बी. ए.

विद्वान माणसांना जेवताना पाहू नये, असं माझं मत महाडच्या डाकबंगल्यात झालं आणि ते अजून बदललेलं नाही. एक प्राध्यापक कोंबडीचं हाड चोखता चोखता ‘ग्रामीण आरोग्या’ला आठवड्याचे किती तास द्यावेत यावर बोलत होते आणि रस्सा त्यांच्या दाढीतून ओघळत होता. मी कागद घेऊन दाराशी उभा होतो. मला बसा म्हणायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

गोष्ट एकोणीसशे तिसाच्या पुढेमागची. मी पोलादपूरच्या बाजूला लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. मराठी फायनल पास, इंग्रजी दोन पुस्तकांपुरतं. मॅट्रिक नसल्याने कॉलेजचं दार मला बंदच होतं, पण मला बी. ए. व्हायचं होतं. का, ते विचारू नका. एखाद्याला दारूचं वेड लागतं तसं मला त्याचं लागलं होतं. बायको म्हणायची, “तुमी बीए झालात म्हनून म्हस काय जास्त दूध द्याची नाय.” तिचं बरोबरच होतं, पण मला ते पटायचं नाही.

अशात मुंबईच्या मिशनवाल्यांनी स्वतःचं ख्रिस्ती विद्यापीठ काढायचं मनावर घेतलं. तिथे एक नवीच पदवी असणार होती. शेती, रसायन, अर्थशास्त्र, आरोग्य, धर्म हे सुटेसुटे शिकवायचे नाहीत. अख्खं खेडं हाच एक विषय. तिची आखणी करायला तिघं जण दासगावच्या बंदरात लाँचमधून उतरून महाडला आले: मुख्य पाद्रीसाहेब, एक रसायनाचे प्राध्यापक आणि एक अर्थशास्त्राचे. सल्ल्याला महाडचे एक वकील होते. खेडी दाखवायचं काम शाळाखात्याने माझ्या गळ्यात घातलं. पाद्रीसाहेबांचं मराठी माझ्याहून शुद्ध. पहिल्याच दिवशी ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “गुरुजी, या पदवीला मॅट्रिकची अट नसेल. आमचे पहिले विद्यार्थी तुम्हीच.”

मला आभाळ ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीवर नेलं. राब भाजायचे दिवस होते. एक म्हातारा शेतकरी रोपाच्या जागेवर थर रचत होता. पाद्रीसाहेबांनी विचारलं, हे काय? “राब हाय सायेब,” म्हातारा म्हणाला. “खाली शेन, वर ऐनाच्या फांद्या, मग पातेरा, सुका पाला, वरनं माती. वारा पडला का पेटवायचा. भाजला नाय तर नाचनीचं रोप उठत नाय, गवातच माजतं.” फांद्या कुठवर तोडायच्या, हेही त्याने दाखवलं. “शेंडा राखायला लागतो. नायतर फुडल्या सालाला काय तोडू, माजा हात?”

पाद्रीसाहेब खुलले. “हीच आपली पदवी! झाड, गुरं, राख, वारा, माणसाचं पोट, सगळं या एवढ्याशा तुकड्यात आहे!” रसायनाचे साहेब शेणाच्या वासाने नाकाला रुमाल लावून लांब उभे होते. अर्थशास्त्राचे साहेब म्हणाले, हा तर जंगलाचा नाश आहे, लोक हे सोडत का नाहीत? मी म्हणालो, “साहेब, झाड कोणी तोडत नाही, फांद्याच तोडतात. आणि राब सोडला तर खायचं काय?” बोललो ते खरं होतं, पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अर्थशास्त्राच्या साहेबांनी लगेच वहीत काहीतरी टिपलं.

त्याच संध्याकाळी बंगल्यावर ती कोंबडी शिजली आणि राबाचे वाटे पडले. जत्रेत बोकडाचे पडतात तसेच. मुंडीचा मान कोणाचा यावरची हमरीतुमरीही तशीच. राख रसायनाला गेली. झाडं आणि पोट अर्थशास्त्राने घेतलं. पेटवण्याआधी म्हातारा नारळ फोडतो, तो धर्माच्या वाट्याला आला. शेण कोणालाच नको होतं. ते आरोग्यात ढकललं. मग जो तो सांगू लागला की आपला वाटा कच्च्या माणसाला पचायचा नाही. रसायनाला मॅट्रिकचं सायन्स हवं, अर्थशास्त्राला इंग्रजी हवं. वाडीवर पाऊलही न ठेवलेले वकील ढेकर देऊन म्हणाले, संस्कृतही असू द्या, पदवीला वजन येतं. पाद्रीसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग ताटात पाहिलं. “तूर्त मॅट्रिकची अट ठेवू या,” ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. मऊ बोलणाऱ्या माणसांची मला तेव्हापासून शिसारी येते.

खरं तर तिथूनच घरची वाट धरायला हवी होती. पण सकाळी पाद्रीसाहेबांचा निरोप आला, की अभ्यासक्रमाची मराठी प्रत गावोगाव पाठवायची आहे, गुरुजींचं अक्षर चांगलं आहे. आणि मी गेलो. आता अट बदलेल, मग बदलेल, ही आशा काही सुटत नव्हती. लाळ गाळत बसलो म्हणा ना.

पहिलं वर्ष उतरवलं, दुसरं उतरवलं. तिसऱ्या वर्षात अर्थशास्त्राच्या साहेबांचं एक व्याख्यान होतं: ‘खेड्याच्या सुधारणेतील अडथळे : रूढी, भगत आणि अर्धशिक्षित शाळामास्तर.’

दोनदा वाचलं. म्हणजे त्या पदवीत मला जागा मिळाली होती तर. त्या भागात त्यांना भेटलेला शाळामास्तर मी एकटाच होतो. मी टाक दौतीत बुडवला आणि ती ओळ उतरवून काढली, बाकीच्या ओळींइतकीच सुबक.

पाद्रीसाहेबांनी प्रत वरपासून खालपर्यंत वाचली. त्या ओळीपाशी ते थांबले की नाही, मला कळलं नाही.

“काही चूक राहिली नाही ना, गुरुजी?”

“नाही, साहेब,” मी म्हणालो, आणि वर हातही जोडले.