दूध कोणतं होतं?

"दूध कोणतं होतं?"

तक्रार काहीही असो, भाऊंचा पहिला प्रश्न हाच. कॉर्नफ्लेक्स मऊ पडले म्हणा, कडवट लागले म्हणा, दातात अडकले म्हणा. भाऊ चष्मा कपाळावर चढवणार, डॉक्टरसारखं तुमच्याकडे बघणार आणि विचारणार, "दूध कोणतं होतं?" गाईचं म्हटलं, तर म्हशीचं पाहिजे होतं. म्हशीचं म्हटलं, तर मग जड झालं. दुधातून सुटलात, तर वाटी चुकीची, चमचा चुकीचा, आणि शेवटी तुमची जीभ. कॉर्नफ्लेक्सचा दोष? छे, नावच काढू नका!

मी तेव्हा रायपूरच्या एका सुपरमार्केटात बिलाच्या काउंटरवर बसायची. राज्य नवीन झालं होतं, शहर राजधानी झालं होतं, आणि आमच्या सेठजींच्या अंगात ती राजधानी पार शिरली होती. गोल बाजारातलं किराणा दुकान बंद करून त्यांनी हे एसीवालं टाकलं आणि जाहीर केलं, "राजधानी के लोग अब पोहा थोड़ी खाएँगे!" म्हणून दुकानाच्याच नावाचे कॉर्नफ्लेक्स निघाले. भाऊ सेठजींचे जुने माणूस, मूळचे आमच्या भंडाऱ्याकडचे. तो सगळा कारभार त्यांच्या गळ्यात पडला.

डब्यावर एका हसऱ्या मुलाचा फोटो पाहिजे होता. मॉडेल आणायचं म्हटल्यावर सेठजींचा हात आखडला. "अरे, कोई भी बच्चा लगा दो." भाऊंनी आपली गुड्डी लावली. बायको लवकर गेलेली, घरात हे बापलेक दोघंच. तिसरीतल्या पोरीला तेल-पावडर करून ते सदर बाजारातल्या स्टुडिओत घेऊन गेले. फ्लेक्स दुधात बुडून दिसेनात, म्हणून फोटोवाल्याने वाटीत घट्ट दही भरलं. गुड्डीला दह्याची शिसारी. तिचं तोंड जे वाकडं झालं, तेच हसू म्हणून छापून आलं.

"पाहा ताई, कशी साजरी दिसून राहिली माही पोट्टी!" भाऊ सगळ्यांना डबा दाखवत फिरले.

खरा घोळ इथेच झाला. त्या दिवसापासून कॉर्नफ्लेक्सला कोणी नाव ठेवलं की भाऊंना ते गुड्डीला ठेवल्यासारखं लागायचं. आणि नाव ठेवणाऱ्यांना काय तोटा!

दर शनिवारी भाऊ टेबल मांडायचे. कागदी कपात चार फ्लेक्स, वर दुधाची धार, आणि पुढे गोड आवाजात, "खरं सांगा, कसं लागलं?" जो खरं सांगेल तो मेला. रेल्वेतून रिटायर झालेले एक काका म्हणाले, "पुठ्ठा भिजवून खाल्ल्यावानी लागते." भाऊंनी त्यांना त्यांच्या कवळीवर व्याख्यान दिलं. एका काकूंनी दिवाळीत ह्याचाच चिवडा केला, कारण मक्याचे पोहे म्हणजे मक्याचे पोहे, त्यात काय बघायचं! कढईत टाकल्याबरोबर सगळं काळंठिक्कर. वर चव गोड. काकू कढईसकट दुकानात हजर. "काहून जी, हा चिवडा आहे का कोळसा?"

भाऊ शांत. "तेल कोणतं होतं, काकू?"

बीरगावच्या कारखान्यात जाणारी एक बाई यायची. तिने कप रिकामा केला आणि मान डोलावली. "हव भैया, बने लागिस." भाऊंना आकाश ठेंगणं झालं. तीच बाई माझ्या काउंटरवर नुसतं साबण घेऊन आली. मी विचारलं, डबा नाही घेतला? तोंडावर पदर घेऊन हसली. "नई दीदी, घर म बासी हे." रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी कांद्याबरोबर खायचा, ती बासी. तिच्यापुढे सेठजींच्या राजधानीची काय टाप! भाऊंनी मात्र सेठजींना सांगितलं, कामगार वर्गात आपला माल फार चालणार. चालला तो एवढाच, की फळीवरून गोदामात आणि गोदामातून फळीवर.

वर्षं गेली. डब्यावरची गुड्डी तिसरीतच राहिली, खरी गुड्डी कॉलेजात पोचली. शाळेत सगळे तिला डब्बेवाली म्हणायचे. ती बिचारी कधी घरी बोलली नाही.

शेवटी सेठजी वैतागले. "निकालो ये सब. एक पे एक फ्री." पिवळेधमक मोठे स्टिकर आले, आणि दुकानातल्या पोरांनी ते मोकळी जागा बघून चिकटवले. मोकळी जागा म्हणजे गुड्डीचा चेहरा. भाऊंनी बघितलं मात्र, नखांनी एकेक स्टिकर खरवडून डब्याच्या पाठीमागे लावायला बसले. गिऱ्हाइकाला ना ऑफर दिसे, ना माल खपे. सेठजींनी सगळ्यांसमोर दम दिला, "आज शाम तक स्टिकर सामने चाहिए. नहीं तो कल से मत आना."

भाऊ स्टिकरचा गठ्ठा हातात घेऊन डब्यांपुढे उभे राहिले. नोकरी घालवावी की पोरीच्या तोंडाला कागद फासावा? मी कायम त्यांची टिंगल करणारी, पण त्या दिवशी बिल करायचं सोडून तिकडेच बघत बसले. आणि नेमकी तेव्हाच गुड्डी आली, बापाचा विसरलेला जेवणाचा डबा घेऊन.

चिवडेवाल्या काकूंनी तिला धरलंच. "अवो, हे तर डब्यावरची पोट्टी! काय गं, तू तरी खाते का हे? खरं सांग, कसं लागते?"

भाऊंनी मान वर केली.

गुड्डीने बापाकडे बघितलं. "सच बोलूँ आंटी? पुट्ठे जैसा."

भाऊंचा चष्मा सवयीने कपाळावर गेला. "दूध कोणतं होतं?"

"वही बाबा," ती हळूच म्हणाली, "जो आप रोज़ सुबह गरम करके देते हो."

आता भाऊंनी ना वाटीला दोष दिला, ना चमच्याला. इतकी वर्षं रोज सकाळी ती बापासाठी पुठ्ठा गिळत होती, हे त्यांना तिथे, सगळ्यांदेखत कळलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि एकेक स्टिकर डब्याच्या पुढच्या बाजूला लावायला घेतला. चेहऱ्यावर नाही, वाटीवर. वाटी पूर्ण झाकली, पोरगी पूर्ण दिसली. स्टिकर पुढे आले, सेठजींना तेवढंच पाहिजे होतं.

माल चार दिवसांत उडाला. बीरगावच्या बाईनेही दोन डबे नेले. "छेरी बर, दीदी." शेळीसाठी. शेळीचं मत काही आमच्यापर्यंत आलं नाही.

परवाच्या हिवाळ्यात भाऊ गेले. मी भेटायला गेले तर गुड्डी एकटीच होती. ऑफिसला निघायची तिची वेळ होती, तरी तिने मला बसवलं आणि पोहे केले. म्हणाली, त्या दुकानातल्या दिवसानंतर बाबांनी रोज सकाळी पोहेच करून दिले, अगदी आजारी पडेपर्यंत. कसे झाले म्हणून एकदाही विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती त्यांची.

मी पहिला घास घेतला. "कैसा लगा, आंटी? खरं सांगा." तेवढंच मराठीत.

"मीठ कमी आहे गं."

तिने ओढणीचं टोक कपाळावर सरकवलं, जसा काही तिथे चष्माच आहे. "प्लेट कोणती होती?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की माझ्या हातातली प्लेट हलायला लागली. मग ती वळून ओट्याकडे गेली आणि नळ सुरू करून बराच वेळ एकच वाटी धूत राहिली. मी ते अळणी पोहे सगळे संपवले, आणि अजून थोडे वाढ म्हणाले.