न बसता नेला

बसाभाऊंच्या दुकानात उभ्या उभ्या काहीच विकलं जात नसे. पवनीच्या बसस्टँडसमोर छोटीशी खोली, भिंतीला टेकून मोठ्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले काळे, जाडजूड लॅपटॉप, आणि मधोमध प्लॅस्टिकची एकच खुर्ची. गिऱ्हाईक दारात आलं की ते म्हणत, "बसा जी." पैसे पुढे केले तरी तेच, "आधी बसा." दोन तास मशीन स्वतः चालवल्याशिवाय ते पैशाला हात लावत नसत. त्यांचं खरं नाव आम्हा गिऱ्हाइकांना कधी लागलंच नाही.

त्या बसण्याची रीत ठरलेली होती. झाकण वीस वेळा उघडायचं-मिटायचं, बिजागरी कुरकुरते का ते ऐकायचं. एकेक कळ दाबायची. वायर काढून बॅटरी किती वेळ दम धरते ते पाहायचं. मग ते खिशातून लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीचा, पेनड्राइव्ह काढत आणि गिऱ्हाइकाच्याच हातानं मशीन त्यावरून सुरू करायला लावत. शेवटी एका जाड वहीत गिऱ्हाइकानं स्वतःच्या अक्षरात गाव, नाव आणि 'बसून नेला' एवढं लिहायचं.

मला ही रीत पहिल्याच भेटीत डोक्यात गेली. लाखांदूरला माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे, शिलाई करून, कोणाच्या दारात न जाता उभं केलेलं. बाजारात माझ्याशी भाव करायला लोक कचरतात. आणि मला पक्कं ठाऊक आहे की ज्याला बसवून ठेवलं, तो भावात हरला. प्रवेशाचे फॉर्म आठ दिवसांवर आले होते. जुना कॉम्प्युटर अर्ध्या फॉर्मवर मान टाकत होता. माझ्या समोरच नवं दुकान उघडलं होतं, आणि चारची बस चुकली तर घरी पोचायची सोय नव्हती. हे सगळं ओळखूनच हा माणूस मला खुर्चीत अडकवतो आहे, अशी माझी खात्री झाली.

"मी बसत नाही. तुमचे दोन तास वाचले, त्याचे पाचशे कमी करा," मी म्हटलं.

"ताई, तुमचा फोन आला तेव्हाच हे मशीन तुमच्यासाठी काढून ठेवलं आहे. पाहून तर घ्या."

"हे नाही, तो द्या." कोपऱ्यात त्याच दिवशी नागपूरहून आलेला गठ्ठा होता. वरचा लॅपटॉप चकचकीत दिसत होता.

"तो अजून माझ्या हाताखालून नाही गेला. काहून घाई करून राहिल्या?"

"भाव वाढवायचा असंन तर सरळ सांगा ना! दुकान चालवता का अडवणूक करता?" माझा आवाज रस्त्यावर गेला. पानठेल्यावरचे चार जण वळून पाहू लागले.

त्यांनी वही पुढे सरकवली. "मग तसं लिहून द्या जी."

मी तडकाफडकी लिहिलं. लाखांदूर, माझं नाव, 'न बसता नेला'. पाचशे कमी झाले होते. बसमध्ये मी लढाई मारल्यासारखी बसले.

माझ्या दुकानात येऊन त्यांनी सोबत दिलेला पेनड्राइव्ह लावला, तर मशीननं पासवर्ड मागितला. माझा नव्हे, ज्या कंपनीचं ते आधी होतं, तिचा. मशीन सुरू होई, पण त्या एका चौकटीपुढे जाऊ देईना. जुनं पुसता येईना, नवं भरता येईना. रोज सकाळी दार उघडायचं, ती चौकट पाहायची, आलेल्याला "उद्या या" म्हणायचं आणि तो समोरच्या दुकानात शिरताना बघायचं. परत जावं तर वहीत माझंच अक्षर. सहा दिवस मी माझ्याच दुकानात कोंडल्यासारखी होते.

सातव्या दिवशी गेले ती भांडायलाच. "हे आतून बंद आहे, तुम्हाले माहीत होतं ना?"

"नव्हतं ताई. माहीत नव्हतं म्हणून तर बसा म्हणत होतो."

मी आणखी ओरडले. माझं ओरडणं संपलं. मग त्यांनी टेबलाखालून माझ्यासाठी ठेवलेला तो पहिला लॅपटॉप काढला. त्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती: लाखांदूरच्या ताई. "प्रिंटर नाही आणला काय? उद्या घेऊन या. आता बसाल तर पुरतं बसा."

दुसऱ्या दिवशी प्रिंटर मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसले. कंडक्टरनं विचारलं, "लेकराचं अर्धं तिकीट काढू का बाई?" त्या मनःस्थितीतही मला हसू आलं.

बसाभाऊंनी दोन तास उठू दिलं नाही. फॉर्म उघडले, प्रिंटर चालला, मराठी टाइप झालं. "अंगठ्याचा ठसा घ्यायचं यंत्र याच्यावर नाही चालत, हे आधीच आयका. त्याच्यासाठी तुमचा जुना कॉम्प्युटरचा डबा ठेवा." बोलता बोलता म्हणाले, "आमचं गाव धरणात गेलं. नव्या जागेसाठी बापानं नकाशावर बोट ठेवलं अन् मोकळा झाला. एक दिवस तिथं जाऊन बसला असता, तर पाणी कुठून येते ते दिसलं असतं. दर पावसाळ्यात आम्ही खाटा उचलतो." मग लॅपटॉपवर थाप मारली. "लिनक्सचं एक बरं आहे. मशीन जुनी झाली म्हणून उठा नाही म्हणत."

बंद असलेलं मशीन त्यांनी ठेवून घेतलं, हे मी नेलं, आणि फॉर्मचा हंगाम वाचला. पण 'ते पान फाडा' म्हटलं, तर ते म्हणाले, "राहू द्या जी, कामाचं पान आहे." आणि घाई करणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते माझं पान दाखवू लागले! आसगावपासून लाखांदूरपर्यंत लोक मला विचारू लागले, "न बसता नेणाऱ्या त्या तुम्हीच काय?" दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. ते मात्र माझ्याकडे गिऱ्हाइकं पाठवत राहिले.

गेल्या हिवाळ्यात कावीळ होऊन ते गेले. त्यांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या वहिनी, दुकान रिकामं करत होत्या, तेव्हा मी फक्त त्या पानासाठी गेले. वही आपसूक तिथंच उघडली. माझ्या ओळीखाली त्यांच्या अक्षरात होतं: 'परत आल्या. प्रिंटर घेऊन आल्या. पुरत्या बसल्या.' त्या ओळीवर अंगठ्याएवढा काळा डाग पडला होता. इतकी वर्षं पान दाखवताना ते नेमकी तीच ओळ झाकत होते! राग उसळून आला, पण भांडायला माणूसच नव्हता. पान फाडावं तर त्यांची ओळही जाते. मी वही तशीच घेऊन आले.

आता माझ्याही दुकानात वापरलेले चार लॅपटॉप असतात. परवा एक गुरुजी दारातच उभे राहून म्हणाले, "बसायचं राहू द्या, दोनशे कमी करा." मी वही काढली, ते पान त्यांच्यापुढे धरलं आणि खालच्या ओळीवर अंगठा ठेवला.

वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "या तुम्हीच काय?"

"बसा जी," मी म्हटलं.