उपवासाची कॉफी

अकोल्याला मी काही फिरायला गेलो नव्हतो. जठारपेठेत माझा मावसभाऊ राहतो, त्याला आम्ही दादा म्हणतो. त्याला जिभेचा कॅन्सर झाला होता आणि दुसऱ्या दिवशी अमरावतीला ऑपरेशन होतं. खर्रा (तंबाखू-सुपारी घोटून केलेला) आणि कॉफी, ही त्याची दोन व्यसनं. पहिल्याने जीभ खाल्ली. दुसऱ्यासाठी मी पुण्याहून इन्स्टंट कॉफीची बाटली नेली, कारण डॉक्टर म्हणाले होते, थोडी जीभ वाचेल, चवीचं काही सांगता येत नाही.

पहाटे गाडीने निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी होती आणि थंडी चांगलीच झोंबत होती. वहिनीने पिशवीतून थर्मास काढला, मग डबा. डब्यात शिंगाड्याच्या पिठाचा शिरा, त्यात दोन चमचे कॉफी घातलेली. काळपट, मऊ, तुपाने थबथबलेला.

"वहिनी, उपाशी आणायला सांगितलंय ना?"

"मंग? उपाशीच हायेत थे. कॉफी अन् शिंगाडा चतुर्थीले चालते, तं आज काहून (का) नाही चालन?"

मला माहीत होतं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी तिला घोटभर चहा दिला म्हणून नर्सने मला झापलं होतं; भूल द्यायची तर पोट अगदी रिकामं लागतं. मी बोलणार, तेवढ्यात दादाने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"लय मस्त लागून राह्यलं बे," तो बोबडं बोलला. कित्येक दिवसांनी त्याला कशाची तरी चव लागली होती. मी गप्प बसलो. वर कपभर कॉफी मीही प्यायलो. जायफळ घातलेली, कडक. काय सुरेख होती म्हणून सांगू! लाज वाटते सांगताना.

अमरावतीत नर्सने विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं?"

"नाही जी," वहिनी म्हणाली. "नुसती कॉफी अन् शिरा. उपासाचाच."

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. ऑपरेशन रद्द. पुढची तारीख पंधरा दिवसांनी मिळाली. परतताना बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, मी नुसता कपाशीकडे बघत राहिलो.

पंधरा दिवसांनी सगळीच जीभ काढावी लागली. उशीर झाला म्हणून, की तशीही लागलीच असती, ते डॉक्टर सांगत नाहीत. आता दादाला नळीने भरवतात. मी पुण्यात माझ्या घरी आहे. आपण किती भित्रे आहोत हे कळायला अकोला-अमरावती एवढा रस्ता पुरला.

काल वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, तुमी तं शिकलेले. तुमाले म्हाईत होतं का?"

"नाही वहिनी," मी म्हणालो.

"मंग मले (मला) तं कसं म्हाईत असन!" ती म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. मी फोन कानाला धरून बसलो. ठेवून द्यायचीही हिंमत झाली नाही.